नीट चालणारी

उरण नाक्यावर तिचा फ्लेक्स लागला त्या दिवशी मी भाजी आणायला निघाले होते आणि भाजी न घेताच घरी आले. केवढा तो फ्लेक्स! वरच्या ओळीत गावातल्या झाडून सगळ्या दादा-भाऊ-शेठांची गोल गोल तोंडं, खालच्या ओळीत शुभेच्छुकांची नावं, आणि मधोमध ही बया, देशाच्या ट्रॅकसूटमध्ये, बत्तिशी दाखवत. ‘आमच्या गावची जलकन्या’. जलकन्या म्हणे! रिक्षावाल्याने कौतुकाने विचारलं, मॅडम, तुमच्याच टँकवर शिकली ना ही? मी हो म्हटलं आणि त्याला रिक्षा वळवायला सांगितली.

सरळच सांगते, मला तिचा हेवा वाटतो. तेव्हाही वाटत होता, आजही वाटतो. हेवा वाटला तर मनात ठेवावा, बोलून दाखवू नये असं म्हणतात. मनात ठेवून ठेवून माझं वजन वाढलं, पलीकडे काही झालं नाही.

ती पॅरालिम्पिकला जाऊन आली होती. पदक नाही, पहिल्याच फेरीत बाहेर पडली, पण जाऊन आली. आणि ज्या पोरीला मी या पनवेलच्या टँकमध्ये वर्षानुवर्षं मागे टाकत होते, तिची शर्यत मी घरी सोफ्यावर बसून मोबाइलवर बघितली. पोहण्यात ती माझ्यापेक्षा चांगली होती म्हणून ती गेली असती तर मी दोन दिवस रडून गप्प बसले असते. तसं नव्हतं. ती नऊ नंबरच्या वर्गात पोहत होती आणि मी दहा नंबरच्या. सगळं दुखणं त्या एका आकड्याचं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. अपंगांच्या शर्यतीत सगळ्यांना एका पाण्यात सोडत नाहीत. कुणाला हात नसतो, कुणाचा पाय लुळा असतो, कुणाला कमरेखाली काही हलवताच येत नाही. म्हणून आधी तपासतात आणि वर्ग ठरवतात. आकडा जितका लहान तितकं अपंगत्व जास्त. हातापायाच्या बाबतीत दहा हा शेवटचा वर्ग. दहात येतात त्या जवळजवळ धडधाकट पोरी, कुणाचा एक पंजा नसतो, कुणाचं एक पाऊल वाकडं असतं. त्यांच्यात मी कायम चौथी नाहीतर पाचवी. तीच वेळ नऊ नंबरात असती तर पहिली. आमचे सर, म्हणजे टँकवरचे कोच, दर स्पर्धेनंतर कपाळाला हात लावून म्हणायचे की तू नऊची आहेस, बसवलीय दहात. जसं काही कुणी दुसऱ्यानेच मला तिथे नेऊन बसवलं होतं.

माझा डावा पाय इंजेक्शनने गेला. मी चार-पाच वर्षांची असताना ताप आला, दवाखान्यात कमरेवर सुई टोचली, ती नेमकी शिरेला लागली. ताप उतरला आणि पाऊल लटकायला लागलं. बाबांची नोकरी रसायनीला, बिऱ्हाड नवीन पनवेलला, नातेवाईक सगळे साताऱ्याकडे. आईने कुणाला काही कळवलं नाही. डॉक्टर, मालिश, तेलं, नवस, सगळं करून झाल्यावर तिने ठरवलं की पाय बरा होत नसेल तर निदान दिसता कामा नये. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे तिचं वाक्य. आमच्या घरात ते इतक्या वेळा म्हटलं गेलं की मला लहानपणी वाटायचं, ते माझ्याच पायाबद्दल कुणीतरी करून ठेवलंय.

मग सुरू झाली माझी चालण्याची शिकवणी. संध्याकाळी बाबा यायच्या आधी, हॉलमधल्या फरशीच्या एका रांगेवरून. पाऊल उचलता येत नाही ना, मग मांडीतून उचल. पण गुडघा वर येताना दिसायला नको, म्हणून कंबर किंचित वळव. कंबर वळलेली दिसायला नको, म्हणून ओढणी त्या बाजूला घे. जिन्यात गप्पा मारत थांब म्हणजे हळू चढतेय असं वाटणार नाही. चप्पल मागे पट्टा असलेलीच. आई दारात उभी राहून माझ्याकडे येणाऱ्या पाहुण्याच्या नजरेने बघायची आणि जरा पाय घासला की म्हणायची, परत. पुढे कळत्या वयात त्यात पोह्यांचा ट्रे आला. भरलेले कप, त्याच्या शेजारी बश्या, स्वयंपाकघरापासून सोफ्यापर्यंत. चहा बशीत सांडला तर परत. सांगायला हरकत नाही, मी त्या कामात इतकी तयार झाले की कॉलेजात जवळच्या मैत्रिणींनाही पत्ता लागला नाही. स्थळं आली, ट्रे व्यवस्थित पोचला, आणि शेवटी बाबांनी खरं सांगितलं की उठून गेली. काही वर्षांनी तो विषय मीच बंद केला.

पोहणं त्याआधीपासून होतं. डॉक्टरांनी पायाला व्यायाम म्हणून सांगितलं होतं आणि आईला पटलं, कारण पाण्यात कुणाला चाल दिसत नाही. मला पाणी मानवलं. टँकवरच्या धडधाकट मुलींच्यात मी पहिल्या तिघींत यायचे. मग हे सर आले. त्यांनी मला काठावरून कपडे बदलायच्या खोलीकडे जाताना बघितलं, ओल्या लादीवर, आणि थांबवून विचारलं की पायाला काय झालंय. इतक्या वर्षांत फक्त त्यांनीच ओळखलं. ओल्या लादीवर कसं चालायचं ते आईने शिकवलंच नव्हतं.

अपंगांच्या स्पर्धेत उतरायचं म्हटल्यावर आईने आधी चार दिवस अबोला धरला. नंतर बाबांनी समजूत काढली की देशपातळीवरची गोष्ट आहे, मग तयार झाली, आणि तयार झाली ती अशी की माझ्याबरोबर तपासणीला आली. निघताना हातावर दही-साखर ठेवली. घरातून परीक्षेला निघताना ठेवतात तशी. आता इथे सगळा घोळ आहे. आम्ही मार्कांवर वाढलेली माणसं. बाबांची बढती परीक्षेने, माझी फी-माफी परीक्षेने, शेजारच्यांचा मुलगा अमेरिकेला गेला तोही परीक्षेनेच. तपासणी म्हटल्यावर आमच्या डोक्यात एकच, पैकीच्या पैकी मिळाले पाहिजेत. मी आधी दोन आठवडे घरी पायाचे व्यायाम केले, म्हणजे तिथे लाज जायला नको.

तिथे टेबलावर झोपवतात. दोघं जण असतात. पाऊल वर घ्या, खाली दाबा, माझ्या हाताला ढकला, आता बाजूला. प्रत्येक स्नायूला ते गुण देतात. मी जीव खाऊन ढकललं. पाऊल उठत नव्हतं तिथे मांडी आवळून, कंबर रेटून उठल्यासारखं केलं. मुद्दाम नव्हे, माझं पाऊल तसंच उठतं. मग चालून दाखवा म्हणाले. मी अशी चालले, अशी चालले, की दाराच्या काचेतून बघणारी आई डोळे पुसत होती. पाण्यातही तेच. सर बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा पडलेला होता. दहा. आईने विचारलं, दहापैकी दहा ना? आणि सरांनी तिच्याकडे असं बघितलं की मला त्यांचाच राग आला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात. मी पाय न दाखवता करून घेतलं.

आणि मग ती आली. द्रोणागिरीच्या अलीकडच्या एका गावची. घरची शेती होती, मिठागर होतं, ते सगळं गेलं आणि तिथे गोदामं उभी राहिली. बापाने आलेल्या पैशात बंगला बांधला, गाडी घेतली. लहानपणी बंदराच्या रस्त्यावर शाळेतून येताना एका ट्रेलरने तिचा पाय चेपला होता. पाय वाचला, पण गुडघ्याखाली काठी राहिली. ती पोहायला गावच्या तळ्यात शिकली होती आणि तिची पद्धत बघून सरांनी डोळेच मिटून घेतले. पण पोरगी दणकट. आणि चालायची कशी! खांदा डावीकडे, बूड उजवीकडे, फटाक फटाक आवाज करत, टँकच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्यांना हाका मारत. पहिल्याच दिवशी मला म्हणाली की ताई, आपून दोघी लंगड्या, आपली जोडी जमणार. मी इकडेतिकडे बघितलं. कुणी ऐकलं तर? तिने ते बोलताना आवाजही खाली केला नव्हता.

तिची तपासणी झाली ती मी डोळ्यांनी बघितली नाही, पण तिनेच येऊन साभिनय सांगितली. पाऊल वर कर म्हणाले, ती म्हणाली नाय होत. ढकल म्हणाले, नाय होत. चाल म्हणाले, चालली, फटाक फटाक. नऊ. दही नाही, साखर नाही. बाप बाहेर वडापाव खात होता.

सुरुवातीला मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. नऊत असली म्हणून काय झालं, सरावात मी तिच्या पुढे असायचे, तेही चांगली पुढे. तिला श्वास कुठे घ्यायचा ते मी शिकवलं, वळताना भिंतीला पाय कसा लावायचा ते मी दाखवलं. मग स्पर्धा झाल्या. ती नऊत पहिली, मी दहात चौथी, आणि आम्ही एकाच गाडीतून परत यायचो. तिच्या गळ्यात पदक, ते ती खेळणं असल्यासारखी माझ्या मांडीवर टाकायची, ताई जरा धर गं, मना झोप आली. आणि तोंड उघडं टाकून झोपायची. मी पनवेल येईपर्यंत ते पदक धरून बसायचे. अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. एकदा खिडकीतून फेकून द्यावंसं वाटलं होतं, खालापूरच्या जवळपास.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे, फ्लेक्सवर छापलेलं होतं. आधी राज्य, मग देश, मग बाहेरच्या स्पर्धा, मग पॅरालिम्पिक. परत आली त्या दिवशी गावात डीजे लावून मिरवणूक निघाली, उघड्या जीपमध्ये ती उभी, शेजारी बाप फेटा बांधून. मला आग्रहाचं बोलावणं होतं. गेले. जेवलेही. जिताड्याचं कालवण होतं, तांदळाच्या भाकऱ्या होत्या, सगळं उत्तम होतं. स्टेजवर तिने माईकवरून सांगितलं की माझ्या ताईने मना पोहायला शिकवला, आणि सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. मी हात जोडले. स्टेजवर या म्हणाले तर मी खालूनच नको म्हटलं, कारण त्या स्टेजला पाच पायऱ्या होत्या आणि कठडा नव्हता.

याच काळात सरांनी बातमी आणली. एकदा वर्ग ठरला म्हणजे ती काळ्या दगडावरची रेघ नसते, ठरावीक काळाने पुन्हा तपासतात. माझी फेरतपासणी आली होती. सरांनी माझे जुने डॉक्टरी अहवाल पाठवून, पाठपुरावा करून ती मिळवली होती. योगायोगाने तिचीही त्याच ठिकाणी, त्याच दिवशी होती. सरांनी मला समोर बसवून सांगितलं की ही शेवटची संधी समज. तिशी उलटली होती, खांदे कुरकुरत होते. नऊ मिळाला तर पुढच्या मोठ्या स्पर्धेच्या निवडीत माझं नाव नक्की, माझी वेळ अजूनही तिच्याइतकी होती. दहाच राहिला तर सोसायटीच्या टँकवर पोरांना बुडबुडे काढायला शिकवायचं, जे मी करतच होते. सर म्हणाले, काही नाटक करायचं नाही, नाटक केलं तर बंदी घालतात. फक्त लपवू नकोस. मी म्हटलं, त्यात काय अवघड आहे.

तपासणीला महिना-दीड महिना असताना एका दुपारी ती माझ्या घरी आली. बरोबर मिठाई. लग्न ठरलं होतं, चिरनेरचा मुलगा, स्वतःच्या दोन गाड्या भाड्याने चालवणारा. पाय बघून, चाल बघून, सगळं बघून त्यांनीच मागणी घातली होती. आईने बॉक्स हातात घेतला आणि माझ्याकडे बघायचं टाळलं. मला काय वाटलं ते मी आता लिहिते, कारण तेव्हा तोंडून फक्त अभिनंदन निघालं. मला वाटलं, हेही हिलाच? आयुष्यभर ट्रे सांभाळला मी, आणि स्थळ चालून आलं फटाक फटाक करणारीकडे! देवाला कुठे काही हिशेब असतो की नाही?

तिचं काम मात्र वेगळंच होतं. साखरपुड्याला लांबलचक स्टेज होता, ड्रोन कॅमेरा होता, आणि होणाऱ्या सासूने अगदी प्रेमाने सुचवलं होतं की व्हिडिओपुरतं जरा सरळ चालता आलं तर बघ बाय. म्हणून ती माझ्याकडे आली होती.

“ताई, तुजी चाल मना शिकव,” ती म्हणाली. “तेवढ्या एका दिवसापुरती.”

आई चटकन उठली. इतक्या वर्षांत तिला कुणी विद्यार्थी मिळाला नव्हता. पण मी तिला बसायला लावलं आणि शिकवलं मीच. का शिकवलं? एक तर नाही म्हणायला कारण सुचेना. आणि दुसरं म्हणजे, मला तिला एकदा तरी एखादी गोष्ट न जमलेली बघायची होती. मांडीतून उचल, कंबर वळव, ओढणी इकडे. पहिले दोन दिवस ती हसूनच पडायची. मी मनात म्हटलं, बघ आता, हे काही तळ्यात उडी मारण्याइतकं सोपं नाही. आणि आठवडा संपायच्या आत ती आमच्या हॉलमध्ये फरशीच्या रांगेवरून इकडून तिकडे अशी चालत गेली की आई म्हणाली, वा. वा! मला आई एकदाही वा म्हणाली नव्हती. मला फक्त परत म्हणाली होती.

मी तिला बजावलं मात्र, ते माझं कर्तव्यच होतं. म्हटलं, ही चाल अंगात भिनते, तपासणीला चुकून अशी चाललीस तर दहात जाशील, माझ्याकडे बघ. तिने डोळे मोठे केले. ती चाल तिकडं कशाला नेऊ, ती तर लग्नाची हाय, म्हणाली. जशी काही पैठणी, नेसली आणि घडी घालून ठेवली. मी मनातल्या मनात म्हटलं, बघू हं. बघूच.

साखरपुडा झाला. व्हिडिओ मी बघितला, तिने पाठवलाच होता. स्टेजवरून ती हळूहळू चालत येते, शालू, हिरवा चुडा, आणि ड्रोन वरून खाली येतो. चाल माझी. कंबर किंचित वळते ती जागा, ओढणीऐवजी पदर, सगळं माझं. टोकाला पोचून नवऱ्या मुलाचा हात धरला आणि पुढच्या क्षणाला स्टेज उतरताना फटाक फटाक सुरू. सगळे हसले, सासूही हसली. तो भाग व्हिडिओत तसाच ठेवला होता, कुणी कापला नव्हता.

मग तपासणीचा दिवस आला. परगाव, सरकारी वसतिगृहातली खोली, आम्ही दोघी एका खोलीत. मी आईला येऊ दिलं नव्हतं. सकाळी मी स्वतःला सांगितलं की आज काही झाकायचं नाही. ढिली पँट नाही, अर्धी चड्डी. पट्ट्याची चप्पल नाही, अनवाणी. टेबलावर झोपले, पाऊल वर घ्या म्हणाले, आणि त्या क्षणी माझी मांडी आपणहून आवळली गेली. मी ती सोडायचा प्रयत्न केला. कुठून सोडायची तेच सापडेना. पाऊल लटकतं तेवढं लटकलं, बाकी सगळं वरून कामाला लागलं, चांगल्या घरातल्या नोकरांसारखं, न सांगता. तपासणाऱ्या बाईंनी गुण लिहिले. मला ते उलटे दिसत होते आणि ते चांगले होते.

मग म्हणाल्या, भिंतीपर्यंत चालून दाखवा. मी ठरवलं, आता तरी सोड. कंबर वळवायची नाही, मांडी उचलायची नाही. पहिलंच पाऊल टाकलं आणि मी अडखळले. दुसरं टाकलं ते असं काहीतरी भलतंच पडलं, खांदा एकीकडे, हात एकीकडे. तिच्यासारखं. हो, मी तिच्यासारखी चालायला गेले, कारण लंगडणं म्हणजे काय हे मी तिच्यातच बघितलं होतं. बाईंच्या कपाळाला आठी पडली. सर कोपऱ्यात उभे होते, त्यांचा चेहरा पांढरा पडला.

“मॅडम,” बाई म्हणाल्या, आवाज चढवला नाही, “तुम्ही रोज चालता तसं चाला.”

मी परत पहिल्या जागी गेले. आणि रोज चालते तशी चालले. सुरेख चालले. भिंतीपर्यंत आणि परत.

माझ्यानंतर तिचा नंबर होता. दार अर्धवट उघडं राहिलं होतं, मी बाहेरच्या बाकावर बसून बघितलं. मी वाट बघत होते, लिहून ठेवते, मी मनापासून वाट बघत होते की हिची कंबर वळेल. एकदा तरी. साखरपुड्याच्या तयारीत आठवडाभर ही चाल घोटलेली, अंगात थोडी तरी राहिली असेल? ती उठली, टेबलावरून धप्पकन उतरली, बाईंना विचारलं की कुठपर्यंत चालू, आणि निघाली. फटाक फटाक. माझी चाल तिच्या अंगावर नावालाही उरली नव्हती.

दुपारी निकाल सांगितला. ती नऊ. मी दहा, आणि यापुढे फेरतपासणी नाही. सर माझ्या खांद्यावर हात ठेवून चहा आणायला गेले ते बराच वेळ आले नाहीत. मी खोलीत येऊन बॅग भरायला घेतली. ती दारातून आली, पलंगावर बसली, पाय वर घेतला. तिने माझं सांत्वन केलं नाही, एवढं बरं केलं. मला बोलायचं नव्हतं, पण राहवलं नाही. मी तिच्याकडे न बघता म्हटलं की मला तुझा हेवा वाटतो, पहिल्या दिवसापासून वाटतो, पदकांचा वाटतो, लग्नाचा वाटतो, आणि आज तर तुझ्या लंगडण्याचा वाटला. ती म्हणाली, माहीत हाय. त्यात राग नव्हता.

“ताई,” तिने विचारलं, “घरान कोनी नसला, एकटीच असलीस, तवा कशी चालतेस गं?”

मी तिच्यावर खेकसणार होते. हा काय प्रश्न झाला, जशी चालते तशीच चालते. पण आमचा हॉल आठवला. आई देवळात गेली असेल, घर बंद असेल, पडदे ओढलेले, मी हॉलमधून स्वयंपाकघरात पाणी प्यायला जातेय. मी डोळ्यांपुढे आणायला बघितलं. तिथेही ओढणी डाव्या बाजूला होती, कंबर किंचित वळत होती, आणि पाऊल अजिबात घासत नव्हतं.

तिला दाखवायला माझ्याकडे दुसरी चालच नव्हती. मी टॉवेल बॅगेत टाकला, चेन ओढली, आणि तिला म्हटलं, चल, सर चहा घेऊन आले असतील.